पवईचा जमाखर्च

परदेशी विद्यापीठाशी 'सामंजस्य करार' झाला की वर्तमानपत्रात फोटो येतो. दोघे सह्या करीत असतात, मागे आठ-दहाजण कोटात उभे. पुढे त्या कराराचे काय झाले, हे मात्र कोणी छापत नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे. यंत्रातले आम्हाला फारसे कळत नाही, पण वही वाचता येते. म्हणून अशा एका पुऱ्या झालेल्या कराराचा हिशेब आज वाचकांपुढे ठेवतो. तो आपल्याच मुंबईतला आहे.

पवईची आय.आय.टी. प्रथम पवईत नव्हती. २५ जुलै १९५८ रोजी ती वरळीला 'सस्मिरा'च्या इमारतीत तात्पुरती सुरू झाली. १०० विद्यार्थी घेतले, अर्ज आले होते ३,४०० च्या वर. बी.डी.डी. चाळीही वरळीतच, हे वाचकांना सांगायला नको. पवईच्या जागेची कोनशिला पंडित नेहरूंनी १० मार्च १९५९ ला बसवली.

१९५६ ते १९७३ या काळात युनेस्कोमार्फत सोव्हिएत रशियाची मदत येत होती. जमेच्या बाजूला यंत्रसामग्री, ५९ तज्ज्ञ, १४ तंत्रज्ञ आणि आपल्या अध्यापकांना रशियात शिकण्यासाठी २७ शिष्यवृत्त्या. खर्चाच्या बाजूला इमारती, पगार आणि रोजचा सगळा खर्च. तो भारत सरकारचा, म्हणजे काडेपेटीवर कर भरणाऱ्या आपल्या आईबापांचाही.

या वहीतली मोलाची नोंद आम्हाला त्या २७ जणांची वाटते. गिरणीत नवा माग आला तरी नवख्याला त्यावर उभा करायला जाणता हात लागतोच. तंत्रज्ञानाचे हस्तांतर म्हणतात ते हेच. माग भंगारात जातो, शिकून आलेला मास्तर मात्र वर्षामागून वर्ष मुले तयार करतो. तज्ज्ञांबरोबर तंत्रज्ञही पाठवले, हेही शहाणपणाचेच. आपल्याकडे हाताने काम करणाऱ्याला करारात कोण विचारतो!

आता वहीत न लिहिलेली बाब. आय.आय.टी.च्या प्रवेशात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आल्या १९७३ साली. मदत संपली तेही तेच साल. वाढपी पंगत आटोपून निघाले, तेव्हा आपल्याला पाटावर बसायचे बोलावणे आले.

असे करार आजही होतात. २००८ पासून याच पवईत ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठाबरोबर संयुक्त संशोधन संस्था आहे. तेथे पीएच.डी. करणाऱ्याला काही काळ ऑस्ट्रेलियात राहावे लागते आणि पदवी दोन्ही संस्थांची मिळते. आपल्या मुलांच्या कॉलेजात कराराचा फलक लागला, तर पालकांनी बेधडक विचारावे: आमची किती मुले जाणार? विमानभाडे कोण देणार? मिळून लावलेल्या शोधाचे पेटंट कोणाच्या नावावर?

कराराची वाट न पाहताही जाता येते. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, तशीच महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. जाहिरात निघाल्यावर धावाधाव करून कागद जमत नाहीत, हा आमचा कारकुनी अनुभव. जातीचा दाखला, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच करून ठेवावा.