‘टेन्शन’चे सुट्टे करून घ्या!

सबमिशनची तारीख जवळ आली, टेन्शन. मेसेजवर दोन निळ्या टिक दिसल्या पण उत्तर नाही, टेन्शन. बाबांची नोकरी गेली, तेही टेन्शनच! कट्ट्यावर या तिन्ही गोष्टींना आपल्याला एकच शब्द पुरतो. आणि तो कमी पडला की थेट डिप्रेशन. मेसमध्ये सलग तिसऱ्या दिवशी दुधी दिसला, ‘यार, डिप्रेशन आलं.’ मॅच हरलो, डिप्रेशन. खिशात पाचशेची नोट आहे पण सुट्टे नाहीत, तशी आपल्या इंग्रजीची गत झाली आहे.

गंमत म्हणून हे ठीक आहे. पण दोन ठिकाणी ते महागात पडतं. पहिलं ठिकाण म्हणजे मुलाखत. ‘हाऊ डू यू हँडल स्ट्रेस?’ हा कॅम्पस मुलाखतीतला नेहमीचा प्रश्न. त्यावर ‘आय वॉज इन टेन्शन’ असं उत्तर दिलं तर समोरच्याला अर्थ कळेल, पण हा प्रयोग आपल्याकडचा. इंग्रजीत ‘आय वॉज अंडर प्रेशर’ किंवा ‘आय वॉज स्ट्रेस्ड’ म्हणतात. प्रोजेक्ट फसल्यावर वाईट वाटलं असेल, तर तुम्ही ‘डिप्रेस्ड’ नव्हता, ‘डिसअपॉइंटेड’ होता. म्हणजे आपल्या भाषेत, हिरमोड झाला होता.

दुसरं ठिकाण जास्त गंभीर आहे. रोज दहा जण दुधीवरून ‘डिप्रेशन’ म्हणत असतील, तर अकरावा खरंच आजारी असताना तोच शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्याकडे कोण लक्ष देणार? ‘चल रे, चहा मारू, होईल ठीक,’ म्हणून आपण पुढे जातो. लांडगा आला रे आला, तशातली ही गोष्ट.

म्हणून हे शब्द नीट शिकायला हवेत. पण पाठांतराच्या यादीसारखे नकोत, आपल्या अनुभवाला जोडून हवेत. व्हायवाच्या दाराबाहेर पोटात गोळा येतो, ती धाकधूक म्हणजे ‘नर्व्हस’. नाव पुकारलं, आत गेलात, दहा मिनिटांत ती संपते. पण पुढे काय होईल या विचाराने दिवसचे दिवस जीव टांगणीला लागतो, ते ‘अँक्शस’. हा शब्द लॅटिनमधल्या ‘आवळणं, गुदमरवणं’ अशा अर्थाच्या शब्दाच्या कुळातला आहे. जीव घुसमटतो असं आपण म्हणतो, ते काही वेगळं नाही. एकाच आठवड्यात परीक्षा, इंटर्नशिप आणि बहिणीचं लग्न आलं, काय करू नि काय नको झालं, की तुम्ही ‘ओव्हरव्हेल्म्ड’ असता. सगळं करूनही गाडी पुढे सरकत नाही, तो वैताग म्हणजे ‘फ्रस्ट्रेशन’. होस्टेलवर रविवारी संध्याकाळी घरच्या आठवणीने हुरहूर लागते, ते ‘होमसिक’.

‘बर्नआउट’ हाही सध्याचा लाडका शब्द. एक रात्र जागून असाइनमेंट लिहिली की तो होत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी १९७४ मध्ये तो मांडला, तो दीर्घकाळ काम करून आतून रिकाम्या झालेल्या माणसांविषयी. आणि स्ट्रेस म्हणजे दरवेळी वाईटच, असंही नाही. हा शब्द वैद्यकात रुजवणाऱ्या हान्स सेली यांनी त्याचे दोन भाग केले: उमेद देणारा ‘यूस्ट्रेस’ आणि खचवणारा ‘डिस्ट्रेस’. एकांकिका स्पर्धेत पडदा उघडण्याआधीची छातीतली धडधड आठवा. ती नसती तर प्रयोग रंगला असता का?

उरला तो ‘डिप्रेशन’. तो मूड नाही, आजार आहे. किमान दोन आठवडे, जवळपास रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असेल किंवा आवडत्या गोष्टींतही रस वाटत नसेल, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, तेव्हा डॉक्टर त्याचा विचार करतात. निदान त्यांनी करायचं, आपण नाही.

नेमका शब्द सापडण्याचा एक आणखी फायदा आहे. मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दांत नाव देताना मेंदूतल्या अमिग्डालाचा प्रतिसाद कमी झालेला दिसला. हा भाग भीतीसारख्या भावनांशी निगडित आहे. नाव दिल्याने प्रश्न सुटत नाही, पण तो हाताळण्याजोगा होतो.

तेव्हा आजपासून एवढंच करा. ‘टेन्शन’ ओठांवर आलं की क्षणभर थांबा. आधी मराठीत शोधा: धाकधूक, घालमेल, हिरमोड, उबग, यातलं नेमकं काय? मग त्याचा इंग्रजी जोडीदार शोधा. मराठीत सापडलं नाही, तर इंग्रजीतही चुकीचाच शब्द हाती लागेल.

आणि एखादा मित्र ‘डिप्रेशन आलंय’ म्हणाला, तर हसण्याआधी विचारा, ‘म्हणजे काय होतंय रे नेमकं? कधीपासून?’ उत्तर ऐकून काळजी वाटली तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक त्याला द्या. सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतही बोलता येतं. तिथे इंग्रजी चुकेल याची भीती नाही.