साम्राज्य गेले, पदकावर मात्र राहिले




आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी गेली पंचवीसेक वर्षे इंग्लंडात नर्स आहे. तिला तिथले 'ब्रिटिश एम्पायर मेडल' मिळाल्याचे रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात कळले. सगळ्यांना आनंद झाला. मी फोन केला, तर म्हणाली, "सर, घरात मात्र धुसफूस चालू आहे. थोरला विचारतो, ज्या एम्पायरने आपल्यावर राज्य केलं त्याचं नाव तू छातीवर लावणार? माझं काही चुकलं का हो सर?"

"नाही बाळ, चुकलं नाही," एवढेच मी म्हणालो. पण मुलाचा प्रश्नही खोटा नाही. फोनवर जमले नाही ते इथे लिहितो.

'ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर' हा सन्मान पंचम जॉर्ज यांनी जून १९१७ मध्ये, पहिले महायुद्ध चालू असताना सुरू केला. ओबीई, एमबीई ही अक्षरे त्यातलीच आणि हे मेडलही त्याच घरातले. हेतू चांगला होता. रणांगणाबाहेर राबणाऱ्यांचा, त्यात स्त्रियांचाही, गौरव व्हावा. पण ब्रीदवाक्य ठेवले 'देवासाठी आणि साम्राज्यासाठी'. ख्रिस्ती माणूस म्हणून मला नावापेक्षा हे जास्त टोचते. प्रभू येशूने नाणे मागवून कैसराचा हिशेब वेगळा आणि देवाचा वेगळा करून दाखवला. इथे दोघांना एकाच पाटावर बसवले आहे.

कैसर हा शब्द आपल्याकडच्या पदकावरही होता, 'कैसर-ए-हिंद'. १९१९ साली ते पंडिता रमाबाईंना मिळाले. रमाबाई काही सरकारच्या भाट नव्हत्या. पुण्याच्या प्लेगच्या वेळी सरकारी बंदोबस्तावर त्यांनी उघड टीका केली होती. त्याच १९१९ साली जालियनवाला बागेनंतर रवींद्रनाथांनी 'सर' ही पदवी टाकून दिली आणि १९२० मध्ये गांधीजींनी आपले कैसर-ए-हिंद परत केले. आता यात थोर कोण आणि लहान कोण? मला तर असा निवाडा करता येत नाही. रमाबाईंचा गौरव झाला तो केडगावच्या अनाथ मुली आणि विधवांच्या सेवेसाठी. ती सेवा खरीच होती.

शंभर वर्षांनंतरही तिढा तोच आहे. कवी बेंजामिन झेफनाया यांनी २००३ मध्ये ओबीई नाकारली ती 'एम्पायर' या शब्दावर बोट ठेवूनच. म्हणजे नाव ठेवले सरकारने आणि त्याचे ओझे प्रत्येक वेळी घेणाऱ्याच्या डोक्यावर! घेतले तर पोरगा रागावतो, नाकारले तर केलेल्या कामाची नोंद होत नाही. माझे म्हणणे एवढेच की हे ओझे उतरवण्याचे काम सरकारचे आहे, नर्सबाईचे नव्हे.

काही जण म्हणतात, नाव बदलणे म्हणजे इतिहास पुसणे. मला ते पटत नाही. ज्यांना पूर्वी मिळाले त्यांचे कुणी काढून घेत नाही. शिवाय खुद्द ब्रिटिशांनीच १९४७ नंतर 'ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर' कुणाला नव्याने दिली नाही. हिंदुस्थानातले साम्राज्य संपले, तसा तो सन्मानही थांबला. मग उरलेल्या साम्राज्याला वेगळा न्याय का? कॅनडाने १९६७ मध्ये, ऑस्ट्रेलियाने १९७५ मध्ये आणि न्यूझीलंडने १९९६ मध्ये आपापले सन्मान नव्या नावाने सुरू केले. तिन्ही देशांत राजगादी तीच आहे, तिला काही धक्का लागला नाही.

उपायही सुचवून झाला आहे. २००४ मध्ये ब्रिटिश खासदारांच्या समितीने 'एम्पायर'ऐवजी 'एक्सलन्स' म्हणा असे सांगितले. अक्षरे तीच राहतात, ओबीई! सरकारने ते मानले नाही. हे मेडल तर १९९३ मध्ये बंदच झाले होते. २०१२ मध्ये पुन्हा सुरू केले तेव्हा नवे नाव देण्याची आयती संधी होती, तीही घालवली.

'नावात काय आहे' असे आपण सीमाभागातल्या माणसांनी तरी म्हणू नये. बेळगाव की बेळगावी, यावर आपण किती वर्षे भांडतो आहोत! नाव बदलल्याने जुना अन्याय भरून निघत नाही, हे खरे. पण ज्याला सन्मान द्यायचा त्याला टोचेल असे नाव ठेवू नये, एवढे सौजन्य तर पाळता येते.

त्या थोरल्याला माझा निरोप आहे. बाळा, आईचे मेडल दिवाणखान्यात लाव. तिच्या रात्रपाळ्यांची ती पावती आहे. आणि नावाचा राग आईवर काढू नकोस. तू तिथला मतदार आहेस, तुझ्या खासदाराला पत्र लिही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बेळगाव