कुयरीचा प्रवास

गेल्या शैक्षणिक वर्षी इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही पुणे मार्गावरील चिंचोळी येथील औद्योगिक वसाहतीत एक विणकामाचा कारखाना पाहावयास गेलो होतो. मागांचा कडकडाट ऐकून मुलांच्या कानठळ्या बसल्या. परंतु आमचे लक्ष खिळले ते शेजारच्या एका लहानशा, शांत खोलीत. तेथे एक तरुण संगणकापुढे बसून टॉवेलाच्या काठाची नक्षी जुळवीत होता. पडद्यावरील आकृतीस काय म्हणतात, असे एका विद्यार्थ्याने विचारता त्याने 'पेझ्ली' असे उत्तर दिले. तोच मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "सर, ही तर कुयरी! आमच्या आजीच्या लुगड्यावर आहे." तो तरुण हसला. आम्हीही हसलो, परंतु परतीच्या वाटेवर तो प्रसंग मनातून जाईना.

ज्या गावात कापूस, सूत आणि माग ह्यांवर पिढ्यान्‌पिढ्या संसार चालले, त्या गावच्या मुलाने आपल्याच आंब्याच्या कैरीला स्कॉटलंडमधील एका शहराच्या नावाने ओळखावे, हे कसे घडले? पेझ्ली हे त्या शहराचेच नाव होय. काश्मिरी शालीच्या पदरावर आरंभी फुलांनी डवरलेले एक झुडूप विणीत असत. मोगल दरबारच्या आवडीने घडलेले ते झुडूप पुढे अधिकाधिक भरगच्च होत गेले आणि त्याचा शेंडा एका अंगास वाकून त्यास आजचा आकार आला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या शाली विलायतेत पोहोचल्या व तेथील श्रीमंत स्त्रियांस त्यांचे वेड लागले. एकेक शाल विणण्यास वर्ष-वर्ष लागे, तेव्हा किमतीही तशाच असत. मग एडिंबरो, नॉरिच आणि पेझ्ली येथील विणकरांनी तिच्या नकला आरंभिल्या, आणि पेझ्लीचा माल इतका खपला की नक्षीलाच त्या गावाचे नाव चिकटले.

ह्या नकलेस साहाय्य झाले ते एका यंत्राचे. लिआँ येथील जोसेफ मारी जॅकार्ड ह्याने 1804 च्या सुमारास ते सिद्ध केले. प्रत्येक आडव्या धाग्यासाठी भोके पाडलेला एक पुठ्ठा. जेथे भोक असेल तेथे उभा धागा वर उचलला जाई, नसेल तेथे खाली राही. असे शेकडो पुठ्ठे ओवून त्यांची माळ यंत्रावर चढवीत. काश्मिरात हेच कार्य 'तालीम' नावाच्या सांकेतिक लिपीने होत असे. कोणता रंग किती धाग्यांवरून न्यावयाचा हे त्या कागदावर लिहिलेले असे, आणि विणकर ते ओळीओळीने वाचून विणीत असे. म्हणजे फ्रान्समधील पुठ्ठा आणि काश्मीरमधील कागद हे एका अर्थी भाऊच. आमच्या सोलापुरी चादरीवरील मोर आणि फुले ह्याच जॅकार्डाच्या कृपेने उमटली. आता चिंचोळीतील त्या खोलीत पुठ्ठेही उरले नाहीत.

कोणी म्हणेल, ही तर चोरी झाली. आम्हांस तसे वाटत नाही. काश्मिरी कारागिराने इराणाकडून घेतले, मोगलांनी युरोपातील वनस्पतींच्या चित्रग्रंथांतून घेतले. कलेच्या राज्यात उसनवारी ही नित्याची गोष्ट आहे. अजिंठ्याच्या छतावरील कमळ पैठणीच्या पदरावर आले म्हणून कोणी खटला भरत नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. घेणाऱ्याने पाहून घेतले की न पाहता उचलले, हा खरा प्रश्न.

विलायतेतील व्यापाऱ्यांनी मात्र पाहून घेतले, हे कबूल केलेच पाहिजे. 1866 साली जॉन फोर्ब्स वॉटसन ह्यांनी हिंदुस्थानातील कापडांचे 700 नमुने कापून, चिकटवून, 18 खंडांचा एक संग्रह तयार केला. त्याच्या 20 प्रती काढल्या. त्यांपैकी 13 ब्रिटनमध्ये ठेवल्या व 7 हिंदुस्थानास दिल्या. येथील लोक काय नेसतात, काठ किती रुंद, पदर कसा, हे मँचेस्टरच्या गिरणीवाल्यास बसल्या जागी कळावे हा हेतू. हेतू स्वार्थी खराच, आणि त्याचे फळ आमच्या विणकरांनी भोगले. तथापि प्रत्येक चिंधीपाशी तिचे गाव, लांबी, वजन लिहून ठेवण्याची ती चिकाटी पाहून मनुष्य अंतर्मुख होतो. आपल्या आजीच्या लुगड्याची अशी नोंद आपल्यापैकी कोणी केली आहे?

आज बाजारात पातळ कृत्रिम धाग्याच्या अशा चादरी मिळतात की त्यांवर विणलेल्या नक्षीचे केवळ चित्र छापलेले असते. चौकटीच्या कागदावर वक्र रेषा काढता येत नाही, तेथे पायऱ्याच पडतात. म्हणून सोलापुरी मोराची मान किंचित कोनाकोनाची दिसते. तो मोराचा दोष नव्हे, ती मागाची बोली होय. छापणाराने त्या पायऱ्यासुद्धा छापल्या! छापाला पायऱ्यांची गरज काय? सोलापुरी चादर उलटी केली तर तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते. छापील उलटी केली की फिकट पाठ. सोलापुरी चादरीस भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली आहे, ही समाधानाची गोष्ट. पण ज्यास पाठ आणि पोट ह्यांतील भेद दिसत नाही त्या गिऱ्हाइकापुढे नोंदीचा कागद काय करणार? आणि ह्या भेदावर आमच्या वर्गातील कित्येक मुलांच्या घरची चूल अवलंबून आहे. 1870 नंतर विलायतेतील फॅशन पालटली, तेव्हा काश्मीरचा विणकर आणि पेझ्लीचा विणकर दोघेही एकदमच बुडाले, हे विसरून चालणार नाही.

येथे आम्हांस स्वतःचाही अपराध सांगितला पाहिजे. परीक्षा जवळ आली की चित्रकलेचा तास गणितास देण्यात आम्ही कधी मागेपुढे पाहिले नाही. शासकीय रेखाकला परीक्षेत संकल्पचित्राचा विषय आहे. पुष्कळ मुले एकच नक्षी पाठ करून जातात आणि श्रेणी मिळवून येतात. ती नक्षी कोठून आली हे त्यांनी विचारले नाही, कारण आम्ही कधी सांगितले नाही. मग संगणकापुढील त्या तरुणास बोल कसा लावावा? तोही कोणत्या तरी शाळेचाच विद्यार्थी.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही मुलांस घरातील जुन्या वस्त्रावरील एक आकृती चौकटीच्या कागदावर उतरवून आणण्यास सांगितले. चाळीस मुलांपैकी सव्वीस जणांनी आणली. कोणी इरकलीचा काठ, कोणी चादरीवरचे फूल. आजीच्या लुगड्याची कुयरी तर होतीच. एका पद्मशाली कुटुंबातील मुलाच्या कागदावर पेन्सिलीने खाडाखोड होती. विचारले तेव्हा तो म्हणाला, "आजोबांनी चौकटी मोजल्या, सर. म्हणाले, अशी विणलीस तर देठ तुटेल." त्या आजोबांस पुढील महिन्यात वर्गात बोलावले आहे. गणिताच्या शिक्षकांनी त्या दिवसापुरता आपला तास आम्हांस दिला आहे.