‘विंडोज १०’नंतरचे घरगुती संगणक : मोडीत की दुरुस्तीत?

प्रतिनिधी

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीचा सपोर्ट बंद केला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशीही तो नेहमीप्रमाणे सुरू झाला, ई-मेल आली, बँकेचे संकेतस्थळ उघडले. या प्रश्नातील खरी गोम नेमकी येथेच आहे. यंत्र चालत राहते. थांबते ती त्याची राखण. जे बिघडलेले दिसत नाही, त्याच्या दुरुस्तीसाठी खिशात हात घालायला सहसा कोणी तयार होत नाही.

या निर्णयाची झळ नामांकित कंपनीचा तयार संगणक वापरणाऱ्यांना बसलीच. परंतु ‘असेंबल्ड’ संगणक बाळगणाऱ्यांची अडचण अधिक मोठी आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावातील ओळखीच्या दुकानदाराकडे जाऊन मदरबोर्ड एका कंपनीचा, प्रोसेसर दुसरीचा, रॅम तिसरीची असा संगणक जोडून घेण्याची पद्धत मध्यमवर्गात गेली तीन दशके रुजली आहे. असा संगणक स्वस्त पडतो आणि हवा तसा मिळतो. मात्र त्याला एक मालक-कंपनी नसते. अडचण आली की कोणत्या सेवा केंद्राचे दार ठोठवायचे, हा प्रश्न ग्राहकालाच सोडवावा लागतो.

सपोर्ट संपणे म्हणजे काय?

कोणत्याही संगणकप्रणालीत त्रुटी असतात आणि त्या वर्षानुवर्षे सापडत राहतात. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्यावरील दुरुस्त्या प्रसृत करते. सपोर्ट संपला की जुन्या प्रणालीसाठी त्या येणे थांबते. नव्या प्रणालीसाठी मात्र येतच राहतात. दोन्ही प्रणालींचा बराच भाग समान असल्याने नव्या दुरुस्तीचा अभ्यास करून जुन्या प्रणालीतील भगदाड शोधणे हल्लेखोरांना सोपे जाते. म्हणजे काळ जाईल तसा धोका वाढत जातो.

ही भीती केवळ पुस्तकी नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरातील संगणक वेठीस धरले आणि ब्रिटनमधील सार्वजनिक आरोग्यसेवा विस्कळीत झाली. ज्या त्रुटीचा त्याने फायदा घेतला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ती ज्यांनी बसवली नव्हती, ते सापडले. ‘विंडोज एक्सपी’चा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला असतानाही कंपनीला तिच्यासाठी तातडीची दुरुस्ती काढावी लागली. पुढच्याच महिन्यात त्याच त्रुटीचा वापर करणाऱ्या ‘नॉटपेट्या’ने मर्स्क या जहाज कंपनीला ग्रासले आणि नवी मुंबईतील जेएनपीटी बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेलाही बँकांना परिपत्रक काढून बजावावे लागले, की एटीएम यंत्रांतील कालबाह्य प्रणाली ठरावीक मुदतीत बदला. बँकांना जे सांगण्यासाठी नियामक आहे, ते घरगुती ग्राहकाला सांगणारे कोणी नाही.

अडचण प्रणालीची की यंत्राची?

‘विंडोज ११’ ५ ऑक्टोबर २०२१ रोजी बाजारात आली. ‘विंडोज १०’च्या परवानाधारकांना ती मोफत आहे. मग अडते कुठे? अडते ते यंत्राच्या अटींपाशी. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण या अटी बहुतेक संगणक पुऱ्या करतात. परंतु ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा सुविधा, ‘सिक्युअर बूट’ची क्षमता आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर या तीन अटींपाशी अनेकांची गाडी थांबते. इंटेलचा आठव्या पिढीचा, म्हणजे साधारण २०१७च्या अखेरीस आलेला, किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेतील प्रोसेसर ही ढोबळ सीमारेषा आहे. त्याआधीचे, मोजके अपवाद वगळता, यादीबाहेर आहेत.

येथे असेंबल्ड संगणकाच्या मालकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘तुमचा संगणक विंडोज ११साठी पात्र नाही’ असा संदेश आला, म्हणजे तो खरोखरच अपात्र आहे असे नव्हे. २०१८ ते २०२० या काळात विकल्या गेलेल्या अनेक मदरबोर्डांत टीपीएमची सोय प्रोसेसरमध्येच अंतर्भूत आहे. फक्त ती कारखान्यातून बंद ठेवलेली होती. इंटेलच्या बोर्डावर ती ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डावर ‘एफटीपीएम’ या नावाने बायोसमध्ये सापडते. ती सुरू करायला पैसे पडत नाहीत. नवा संगणक घेण्याचा सल्ला देणाऱ्याने आधी ही खूण तपासली आहे का, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

घाई मात्र येथेच नडते. जुन्या पद्धतीने मांडणी केलेल्या, म्हणजे ‘एमबीआर’ प्रकारच्या डिस्कवर विंडोज असेल आणि बायोसमध्ये थेट यूईएफआय पद्धत निवडली, तर संगणक सुरूच होत नाही. ‘अपग्रेड करताना संगणक गेला’ या तक्रारीमागे अनेकदा एवढेच कारण असते. आधी सर्व माहितीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, मग विंडोजमधीलच ‘एमबीआर टू जीपीटी’ या साधनाने डिस्कची मांडणी बदलावी आणि त्यानंतरच बायोसला हात लावावा, हा क्रम मोडू नये. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर तिची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवणे आवश्यक. बायोस अद्ययावत करताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. भारनियमनाच्या प्रदेशात यूपीएसविना हे धाडस करू नये.

निदान आधी, खर्च नंतर

जुना संगणक मंदावला किंवा अधूनमधून बंद पडू लागला, की दोष सरसकट प्रणालीला दिला जातो. वस्तुतः कारण बऱ्याचदा यंत्रात असते. घड्याळ वारंवार मागे जात असेल आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडत नसतील, तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी संपलेली असू शकते. तारीख चुकली की संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ब्राउझरला अवैध वाटते. कामाचा ताण येताच संगणक बंद पडत असेल, तर प्रोसेसरच्या पंख्यावरील धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट किंवा थकलेला एसएमपीएस तपासावा. स्क्रीन न येता ‘बीप’ वाजत असतील, तर रॅमची पट्टी काढून, पुसून पुन्हा बसवणे हा पहिला उपाय. हार्ड डिस्क जुनी फिरत्या तबकडीची असेल, तर तिच्या जागी एसएसडी बसवल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणत्या बदलाने पडतो.

रॅम वाढवताना मात्र बाजाराचा अंदाज घेतलेला बरा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपची मागणी वाढवल्याने २०२५च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव भडकले. अशा वेळी प्रोसेसरच यादीबाहेरचा असेल, तर त्याच्याभोवती नवे भाग जोडत बसणे म्हणजे पडक्या भिंतीला रंग देणे. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम हे त्रिकूट एकत्र बदलावे. कॅबिनेट, मॉनिटर, एसएसडी, सुस्थितीतील एसएमपीएस तेच ठेवावे. असेंबल्ड संगणकाचा हाच मोठा लाभ आहे, तो सोडू नये.

अपात्र यंत्रांपुढील वाटा

ज्यांचे यंत्र खरोखर अपात्र आहे, त्यांच्यासाठी तीन वाटा उरतात. पहिली वाट मुदतवाढीची. घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या देण्याची योजना मायक्रोसॉफ्टने जाहीर केली. तिचे शुल्क ३० डॉलर ठरले. संगणकाच्या सेटिंग्जची प्रत कंपनीच्या क्लाउडवर ठेवणाऱ्यांना ती मोफत देऊ केली गेली. युरोपातील ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तेथे ही क्लाउडची अट शिथिल झाली. ग्राहक संघटित असले की अटी बदलतात, हा यातील धडा.

दुसरी वाट लिनक्सची. उबुंटू किंवा लिनक्स मिंट या प्रणाली मोफत आहेत, जुन्या यंत्रावर चालतात आणि त्यांत मराठी टंकलेखनाची सोय आहे. ज्यांचे काम ब्राउझर, पत्रव्यवहार आणि चित्रपट पाहण्यापुरते आहे, त्यांना त्या पुरेशा ठरतात. केवळ विंडोजवर चालणारा हिशेबाचा प्रोग्रॅम, जुना प्रिंटर किंवा डिजिटल स्वाक्षरीचे टोकन असेल, तर आधी पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून चाचणी घ्यावी.

तिसरी वाट यंत्र इंटरनेटपासून तोडण्याची. मराठी छपाई व्यवसायात युनिकोडपूर्व फाँटमधील मजकूर आणि पेजमेकरच्या जुन्या फायली सांभाळणारे संगणक आजही लागतात. असे यंत्र एका कामापुरते, जाळ्याबाहेर ठेवले तर धोका खूपच कमी होतो. मात्र बाहेरून येणारा प्रत्येक पेनड्राइव्ह दुसऱ्या अद्ययावत संगणकावर तपासलाच पाहिजे.

अटींना बगल देऊन ‘विंडोज ११’ बसवून देणारेही बाजारात आहेत. अशा यंत्रांना पुढील अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. सुरक्षेसाठी अपग्रेड करायचे आणि त्या सुरक्षेचीच हमी गमवायची, हा व्यवहार फायद्याचा म्हणता येणार नाही.

जबाबदारी कोणाची?

‘विंडोज १०’ जुलै २०१५ मध्ये आली, तेव्हा ही विंडोजची शेवटचीच आवृत्ती असेल, असे कंपनीच्या एका तंत्रज्ञाने जाहीर व्यासपीठावर म्हटले होते. दहा वर्षांचा सपोर्ट कमी नाही, हे मान्य करावेच लागेल. परंतु २०१७ मध्ये संगणक जोडून घेणाऱ्याच्या वाट्याला त्यातली आठच वर्षे आली. त्याचे यंत्र सुस्थितीत आहे, तरीही ते यादीबाहेर आहे. शाळा, ग्रंथालये, छोटे व्यावसायिक यांच्यासाठी ही बाब केवळ तांत्रिक राहत नाही. ती अंदाजपत्रकाची होते.

युरोपीय संघाने स्मार्टफोनसाठी विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट देण्याचे बंधन जून २०२५ पासून घातले. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल सुरू केले, ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. हे नियम कचरा झाल्यानंतर त्याची विल्हेवाट कशी लावावी ते सांगतात. चांगल्या यंत्राचा कचरा होऊच नये यासाठी सॉफ्टवेअरचे आयुष्य विक्रीच्या वेळीच खोक्यावर छापण्याची सक्ती करता येईल. औषधाच्या पाकिटावर मुदत पाहणारा ग्राहक संगणक घेतानाही ती पाहील.

तोवर निर्णय ज्याचा त्यालाच घ्यावा लागणार आहे. मदरबोर्डचे आणि प्रोसेसरचे नाव टिपून ठेवणे, माहितीची प्रत घेणे आणि बायोसमधील टीपीएमची खूण पाहणे, या तीन गोष्टींना मिळून एक सुट्टीची दुपार पुरते. त्यानंतर दुकानात जाणारा ग्राहक काय विकत घ्यायचे ते स्वतः ठरवील. त्याआधी गेला, तर ते दुकानदार ठरवील.