अणुशक्तीला स्वतंत्र पहारेकरी हवा

मे १९९८ मध्ये पोखरणच्या वाळवंटात भारताने आपले अणुसामर्थ्य सिद्ध केले, तेव्हा साऱ्या देशाची मान उंचावली. तो अभिमान आजही तसूभर उणावलेला नाही. परंतु सामर्थ्य मिळविणे जितके कठीण, तितकेच ते जबाबदारीने सांभाळणेही कठीण असते. आपल्या अणुप्रकल्पांची तपासणी कोण करतो आणि त्याच्या शब्दाला वजन किती, असे विचारणे म्हणजे शास्त्रज्ञांच्या निष्ठेवर शंका घेणे नव्हे; ते नागरिकांचे कर्तव्यच होय.

३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला आणि केंद्राचा वीजपुरवठा सुमारे १७ तास खंडित झाला. कर्मचाऱ्यांनी अंधारात विजेऱ्या घेऊन झडपा हाताने उघडल्या आणि अणुभट्टी आटोक्यात ठेवली. त्यांच्या धैर्याला प्रणाम! मात्र अशा पात्यांतील दोषाची सूचना १९८९ मध्येच मिळाली होती व तिची वेळीच दखल घेतली गेली नाही, असे अणुऊर्जा नियामक मंडळाचे माजी अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन यांनी पुढे लिहिले. जो अनर्थ शौर्यामुळे टळला, तो शिस्तीमुळे उद्भवायलाच नको होता.

अशी शिस्त लावण्यासाठीच १९८३ साली हे मंडळ स्थापन झाले. पण ते उत्तरदायी होते अणुऊर्जा आयोगाला. आणि आयोगाचे अध्यक्ष म्हणजे प्रकल्प चालविणाऱ्या अणुऊर्जा विभागाचेच सचिव. ज्याची परीक्षा, त्याच्याच हाती उत्तरपत्रिका! महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये या दुय्यम दर्जावर नेमके बोट ठेवले. नियमभंगाबद्दलचा कमाल दंड अवघा ५०० रुपये असल्याचेही त्यांनी दाखवून दिले. स्वतंत्र प्राधिकरणासाठी २०११ मध्ये मांडलेले विधेयक २०१४ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबरच बाद झाले. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संमत झालेल्या ‘शांती’ कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला. त्याचबरोबर खासगी उद्योगांनाही या क्षेत्राची दारे उघडली. पाऊल स्वागतार्ह आहे. पण कागदावरील दर्जा आणि प्रत्यक्षातील स्वातंत्र्य यांत अंतर असते.

संरक्षणाशी निगडित कामाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सुविधा २००० साली मंडळाच्या कक्षेतून काढून केंद्राच्याच अंतर्गत व्यवस्थेकडे सोपविण्यात आल्या. जानेवारी २००३ मध्ये केंद्राच्या कल्पाक्कम येथील पुनर्प्रक्रिया प्रकल्पात सहा कर्मचाऱ्यांना मर्यादेपेक्षा अधिक किरणोत्सर्गाला सामोरे जावे लागले. देशाला ते कळले काही महिन्यांनी. अण्वस्त्रांचे तपशील गुप्त राहिलेच पाहिजेत, याविषयी दुमत नाही. पण कामगाराच्या शरीरात किती किरणोत्सर्ग शिरला, हे कोणते लष्करी गुपित? अण्वस्त्रसज्ज अमेरिकेनेही १९८८ मध्ये आपल्या अण्वस्त्रनिर्मिती केंद्रांच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र मंडळ निर्माण केले. त्यामुळे तिची शस्त्रे बोथट झाली नाहीत.

जपानमध्ये अणुऊर्जेचा पुरस्कार करणाऱ्या मंत्रालयातच नियामक बसला होता. २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर, २०१२ मध्ये, त्या देशाने ही रचना मोडली. आपण ठेच लागण्याची वाट का पाहावी? नियामकाची निवड प्रकल्पचालकांच्या प्रभावापासून दूर असावी, त्याचे अहवाल संसदेपुढे यावेत, दंड जरब बसविणारा असावा आणि संरक्षण प्रकल्पांसाठी गोपनीयतेची शपथ घेतलेले, पण स्वतंत्र निरीक्षक असावेत. तारापूरच्या कोळ्यापासून कल्पाक्कमच्या कामगारापर्यंत प्रत्येकाचा विश्वास हाही राष्ट्राच्या सामर्थ्याचाच भाग आहे.