कासची फुलं आणि आपलं सोयाबीन

सोयाबीन फुलोऱ्यात असताना कुणी फोटोसाठी त्यात आडवा झाला तर? बांधावरूनच शिव्या घालू. मग सप्टेंबरात साताऱ्याच्या कास पठारावर आपलीच पोरं फुलांत लोळतात, तेव्हा आपण मोबाईल धरून उभे का?

कास म्हणजे जांभा दगड. त्यावर माती कुठं चार बोटं, कुठं तेवढीही नाही. नत्र इतकं कमी की सीतेची आसवं पाण्यातले बारीक जीव पकडून गरज भागवतात. तिथं ना युरिया, ना पेरणी. तेरडा, गेंद उगवतात ते पडलेल्या बियांवरच. बी धरायच्या आत तुडवलं, तर पुढच्या साली काय उगवणार? ओली माती दबली की पाणी मुरत नाही, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको.

"माझ्या एकट्यानं काय होतंय?" म्हणू नका. एकाची पावलं उमटली की मागून शंभर जण तिथूनच जातात.

२०१२ पासून हे पठार जागतिक वारसा आहे. जरूर जा, भांबवलीचा वजराई धबधबाही बघा. पण वाट सोडू नका. दुसऱ्याचं उभं पीक आपण तुडवत नाही, तीच रीत इथंही पाळा.