भिवापुरी मिरची चाखून, तपासून विका

इटलीच्या अब्रुत्सो प्रांतात मोन्तेपुल्चानो जातीच्या द्राक्षाची लाल वाइन होते. बारोलो या इटलीच्याच नामांकित वाइनसारखा तिचा दबदबा नाही. रोजच्या जेवणाबरोबर घ्यायची, सामान्य माणसाला परवडणारी अशी ती आहे. तरीही १९६८ पासून तिच्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. बाटलीवर ते नाव छापायचे तर किमान ८५ टक्के द्राक्ष त्याच जातीचे आणि सगळे ठरवून दिलेल्या पट्ट्यातलेच लागते. शिवाय बाजारात जाण्याआधी प्रयोगशाळेच्या तपासणीबरोबर जाणकारांनी ती चाखून पसंत करावी लागते. म्हणजे नाव जपण्यासाठी माल महागच असायला हवा असे नाही. तो पारखणारी शिस्त मात्र हवी. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरला आज नेमकी तीच हवी आहे.

भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. गडद लाल रंग आणि तिखटपणा ही तिची ओळख. पण मानांकनाने नाव कोणी आणि कशासाठी वापरावे हे ठरते. पोत्यात काय भरले आहे, हे कोणीतरी पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यातून मिरची दळली की डोळ्यांनी वाण ओळखणे जवळपास अशक्यच. बाहेरची मिरची भिवापूरच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची खुडण्याच्या जागी, येऊन देठ खुडून गेली, म्हणून ती भिवापुरी ठरत नाही. म्हणूनच वाणाचे शुद्ध बियाणे, गावनिहाय नोंद, रंग व तिखटपणाची मोजणी आणि स्वयंपाकात मुरलेल्या जाणकारांची चव-चाचणी, या चारही गोष्टी पाकिटावरच्या नावामागे असायला हव्यात.

संकरित वाण जास्त उतारा देते, मग शेतकऱ्याने चवीसाठी तोटा का सोसावा, हा आक्षेप रास्त आहे. तोटा त्याने सोसूच नये. पण आज दोन्ही मिरच्या एकाच ढिगात विकल्या गेल्या, तर कमी उतारा भरून काढणारा जादा भाव देशी वाणाला मिळणार कुठून? वेगळेपण सिद्ध झाले, तरच वेगळा भाव मागता येतो. तपासणीच्या खर्चाने तिखट महागेल, ही भीतीही खरी आहे. म्हणून तो भार एकेकट्या शेतकऱ्यावर न टाकता उत्पादक कंपन्या, बाजार समिती आणि कृषी विभागाने मिळून उचलावा. साध्या लाल तिखटाची विक्री कोणी थांबवत नाही. भिवापूरच्या नावाने विकताना मात्र ते भिवापूरचेच असावे. येत्या हंगामापासून निदान एका उत्पादक गटाने तरी हा प्रयोग करावा आणि शासनाने त्याच्या तपासणीचा खर्च द्यावा.